श्री. काळे व सौ.

माणूस सापडत नसेल तर त्याला कमी शोधा, असं आमचे खिडकीकाका म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वय झालंय, काहीतरी उलटंसुलटं बोलून गेले. पण त्याचा अर्थ अगदी साधा होता. कॉम्प्युटरवर सभासद शोधताना आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं भरतो, कुठंतरी एक अक्षर इकडचं तिकडं होतं आणि पडद्यावर येतं, ‘नोंद सापडली नाही’. त्यापेक्षा आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकायची आणि हात मागं घेऊन बसायचं. खाली यादी येते आणि त्या यादीत आपला माणूस असतो. काका तर यादी वरपासून खालपर्यंत वाचायचे, तोंडातल्या तोंडात, एकही नाव न गाळता. खिडकीबाहेर रांग उभी असायची आणि आत मी घड्याळाकडं बघत असायचे.

नगरला सावेडीत आमच्या नाट्यसंस्थेचं एक छोटं नाट्यगृह आहे. बी.कॉम. झाल्यावर मी तिथं ऑफिसात लागले ती ‘सहा महिने बघू’ म्हणून, आणि अजून तिथंच आहे. काका माझ्या कितीतरी आधीपासून तिकिटाच्या खिडकीत बसत होते, म्हणून खिडकीकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते मी इथं देत नाही. मूळचे जामखेडकडच्या खर्ड्याचे. खिडकीतून बोलताना अगदी छापील मराठी बोलायचे, आणि खिडकीची झडप खाली ओढली की दुसऱ्या क्षणाला ‘लई डोकं खाल्लं गड्यानं’ सुरू. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, उन्हाळ्यातसुद्धा. टेबलावर ओल्या स्पंजची डबी. पूर्वी तिकिटं मोजायला ती लागायची. पुढं तिकिटं प्रिंटरमधून यायला लागली तरी डबी जागची हलली नाही. काका आधी बोट स्पंजवर टेकवायचे आणि मग की-बोर्डवर. असे दोन-तीन की-बोर्ड त्यांनी संपवले.

संस्थेनं पुण्याच्या एका कंपनीकडून तिकिटांचं आणि सभासदांचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा आम्ही सगळे काकांकडं बघत होतो. पन्नास वेळा शिव्या देतील, महिनाभरात राजीनामा देतील, अशा ऑफिसात पैजा लागल्या होत्या. झालं भलतंच. कंपनीचा माणूस एका दुपारी येऊन शिकवून गेला आणि काका त्या शोधाच्या चौकटीवर लट्टू झाले. एकच गोष्ट त्यांना खटकली. पडद्यावर सभासदाला ‘पेट्रन’ म्हटलं होतं. ‘म्हणजे काय?’ त्यांनी विचारलं. तो म्हणाला, ‘म्हणजे आश्रयदाता.’ ‘आश्रय ते देतात? खुर्ची तर आपण देतो,’ असं म्हणून त्यांनी पुढचं बटण विचारलं.

त्यांचा दुसरा नियम असा, की नवीन नोंद करायची नाही. अगदीच नाइलाज झाला तर करायची, पण आधी त्या माणसाला हर तऱ्हेनं शोधून झाल्यावर. त्यांचं म्हणणं, नगरसारख्या गावात नाटकाला कोणी पहिल्यांदा येत नाही, आधी येऊन गेलेला असतो आणि विसरलेला असतो. एकदा एक डॉक्टर आले, बिचारे घाईत होते.

‘मी नवीन आहे. नवीन नाव घाला,’ ते म्हणाले.

‘तुम्ही नवीन नाही. मागच्या खेपेला कुठं बसला होतात?’

‘मागची खेप? अहो, एकदाच आलो होतो. खांबाजवळ कुठंतरी.’

‘डाव्या की उजव्या?’

‘डाव्या. कोपर सारखं खांबाला लागत होतं.’

‘कोणतं नाटक?’

डॉक्टरांना नाटक आठवेना, पण त्यात एक म्हातारा खोटं बोलून बोलून मरतो एवढं आठवलं. काकांनी त्या नाटकाची तारीख काढली, खांबाजवळची खुर्ची काढली आणि खुर्चीवरून नाव काढलं. ते डॉक्टरांच्या सासऱ्यांचं निघालं. तिकिटं त्यांनी काढली होती. मग काकांनी सासऱ्यांच्या घराच्या नोंदीत जावई जोडला, मोबाईल नंबर टाकला, आणि अर्ध्या तासानं डॉक्टर तिकीट घेऊन गेले. मागच्या रांगेतली चार माणसं तोवर चहा प्यायला निघून गेली होती. मला काकांचा त्या वेळी फार राग यायचा. आता वाटतं, इतक्या बारकाईनं कुणी मला कधी शोधलेलं नाही.

नोंदीत शेरा लिहायला एक छोटी चौकट होती. ती काकांनी काठोकाठ भरून टाकली. ‘डाव्या कानानं कमी ऐकतात.’ ‘यांच्यापुढं उंच माणूस बसवू नये.’ ‘मध्यंतरात घरी जातात, राग मानू नये.’ हे सगळं मला गमतीचं वाटायचं, पण एका शेऱ्यानं ऑफिसात वादळ झालं. संस्थेचे उपाध्यक्ष एकदा माझ्या शेजारी बसून स्वतःचा मोबाईल नंबर बदलून घेत होते. त्यांची नोंद उघडली आणि पडद्यावर आलं, ‘दुसऱ्या अंकात झोपतात. उठवू नये.’ उपाध्यक्ष लालबुंद झाले. काकांना बोलावलं. काका शांतपणे म्हणाले, ‘साहेब, नवीन पोरगी दाराशी उभी असते. तिनं तुम्हाला चारचौघांत उठवलं तर?’ उपाध्यक्षांनी तेवढा नंबर बदलून घेतला आणि ते उठून गेले. शेरा तसाच राहिला.

मधेच आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हाही आमची त्रेधा उडाली. जुन्या नोंदी जुन्या नावाखाली, नव्या नव्या नावाखाली. शोधताना एक निवडलं की निम्मे सभासद गायब. पुण्याची कंपनी म्हणे दुरुस्त करू. तोवर काका प्रत्येक माणूस तीनदा शोधायचे. एकदा जुन्या नावानं, एकदा नव्या आणि एकदा रकाना रिकामा ठेवून. ‘माणूस तिथंच राहतो की,’ एवढंच म्हणायचे.

आता माझी फजिती सांगते. सॉफ्टवेअर अधूनमधून आपण होऊन सांगायचं, ‘संभाव्य दुहेरी नोंद’, आणि शेजारी बटण असायचं, ‘एकत्र करा’. मला असली बटणं दाबायची हौस. एका सकाळी बसून मी वीस-पंचवीस जोड्या एकत्र करून टाकल्या. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, पत्ता तोच. आणखी काय बघायचं? पुढच्या आठवड्यात बावीस वर्षांच्या एका इंजिनियर मुलाला संस्थेकडून पत्र गेलं, ‘आपल्या अमृतमहोत्सवानिमित्त हार्दिक अभिनंदन’. आणि त्याच घरात पंचाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांना निरोप गेला, की विद्यार्थी ओळखपत्र दाखवल्यास पुढच्या रांगेत जागा मिळेल. आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबा गोविंद रामचंद्र, मुलगा रामचंद्र गोविंद, नातू पुन्हा गोविंद रामचंद्र. पुण्याच्या कंपनीच्या ते डोक्यात आलं नसेल, पण माझ्या स्वतःच्या भावाला आजोबांचं नाव आहे आणि माझ्याही आलं नाही.

मी काकांना म्हटलं, फोन करून माफी मागते. काका म्हणाले, ‘फोन नको. दोघांना एका जागी बघू, मग वेगळं करू.’ माझ्या स्कूटीवर मागं बसून ते त्या घरी आले. आजोबा आणि नातू शेजारीशेजारी सोफ्यावर. काकांनी वहीत दोन रकाने पाडून एकेका नाटकाचं नाव घेतलं आणि विचारलं, हे कुणी बघितलं? आजोबा म्हणायचे मी, नातू म्हणायचा मी. एका नाटकावर तर दोघांचं भांडण जुंपलं. शेवटी निघालं की नातू ते आजोबांच्या मांडीवर बसून बघून गेला होता. आजोबा म्हणाले, ‘मग ते आम्हा दोघांचं लिहा.’ काकांनी तसंच लिहिलं. येताना मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘विचारल्याशिवाय माणसं एकत्र करू नयेत.’

त्यांच्याबद्दल मला खरं कुतूहल वाटायला लागलं ते मात्र वेगळ्या कारणानं. शोधाच्या चौकटीत क्लिक केलं की आधी काय काय शोधलं होतं त्याची यादी खाली लोंबते. खिडकीवरच्या कॉम्प्युटरवर एकदा मी बसले, तर यादीत ओळीनं ‘काळे’. काळे सावेडी. काळे श्रीमती. काळे श्रीगोंदा. काळे राहुरी. काळे ग ११. दुसऱ्या दिवशी बघितलं, पुन्हा तेच. आठवडाभर मी चोरून बघत राहिले. रोज दुपारी, खिडकीला गर्दी नसते त्या वेळात, काका कुणातरी काळेंना शोधत होते आणि काळे सापडत नव्हते. आता काळे काय आपल्याकडं थोडे आहेत? नुसतं आडनाव टाकलं की सॉफ्टवेअरच हात टेकायचं, ‘नोंदी फार आहेत’ म्हणायचं. एकदा न राहवून विचारलं.

‘काका, या काळे कोण?’

‘माहीत न्हाई.’

‘नाव काय त्यांचं?’

‘तेच तर माहीत न्हाई, ताई. माहीत असतं तर कवाच सापडल्या असत्या.’

झडप खाली होती, म्हणजे ते खर्ड्याचं बोलत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि मग त्यांनी सांगितलं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पत्र्याच्या पेट्यांत कार्डं असायची. नवरा-बायको मिळून सभासद व्हायचे त्यांचं कार्ड एकच. ते नवऱ्याच्या नावानं. पुढं ‘व सौ.’ एवढं छापलेलंच असायचं, त्यापुढं लिहायला जागा नव्हती. त्यातलंच एक कार्ड, श्री. दत्तात्रय काळे व सौ., खुर्च्या ग ११ आणि ग १२. काळे सरकारी ऑफिसात होते, सावेडीतच भाड्यानं राहायचे, मूलबाळ नव्हतं. एकही नाटक चुकवायचे नाहीत. त्यातून त्या बाईंचं हसणं असं मोठं, की प्रयोग चालू असताना काकांना ते खिडकीत ऐकू यायचं. ‘आत नाटक चाललंय कसं, ते मला त्यांच्या हसण्यावरून कळायचं,’ काका म्हणाले.

काकांना तेव्हा एक सवय होती. सकाळी पेपर आला की ते आधी निधनाच्या बातम्या वाचायचे. सभासदाचं नाव दिसलं की कात्रण काढायचं, कार्डावर लाल शाईनं ‘मयत’ लिहायचं, कार्ड बंद पेटीत टाकायचं आणि खुर्ची वाट बघणाऱ्या पुढच्या माणसाला द्यायची. हे सगळं दुपारच्या आत. ‘माझी नोंद ताजी असायची, ताई. मला लई गर्व हुता त्याचा.’ काळ्यांची बातमी आली आणि त्यांनी तेच केलं. कार्ड एक, त्यावर माणूस एक, तो वारला. दोन्ही खुर्च्या आठवड्याच्या आत दुसऱ्या जोडप्याला गेल्या.

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी त्या बाई खिडकीशी आल्या. एकट्याच. नवरा गेल्यावर बाईमाणसानं एकटीनं नाटकाला यायचं म्हणजे घरातून निघतानाच किती जणांच्या नजरा झेलल्या असतील. त्या म्हणाल्या, ‘आमच्या दोन हायत्या. आज एकच द्या.’ काकांनी पेटीत बघितलं आणि सांगितलं, ‘बाई, सभासद मयत आहे. कार्ड बंद झालं.’

‘आणि मी?’ त्यांनी विचारलं.

काकांनी कार्ड उलटून पालटून बघितलं. त्यावर दुसरं नाव कुठंच नव्हतं. म्हणाले, ‘तुमची नोंद नाही.’

बाई भांडल्या नाहीत. मागच्या माणसाला वाट देण्यासाठी बाजूला झाल्या आणि निघून गेल्या.

‘भांडल्या असत्या तर बरं झालं असतं,’ काका म्हणाले. ‘एक साधं तिकीट हातावर ठेवायचं, तेबी मला सुचलं न्हाई. आठवड्यानं त्यांच्या घरी गेल्तो, तर खोली रिकामी. मालक म्हनला, गेल्या कुठंतरी नातेवाइकांकडं.’

‘तुम्ही नियमाप्रमाणंच वागलात ना?’ मी म्हटलं.

‘व्हय. नियमाप्रमाणंच.’ आणि मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

त्यांची ती नवीन नोंद न करण्याची खोड, रांग ताटकळत ठेवून केलेली विचारपूस, त्यावरून मी त्यांना किती वेळा टोमणे मारले होते. मला माझीच लाज वाटली.

त्यांच्याकडं दिवसही थोडे होते. दिवाळीनंतर तिकिटं पूर्ण ऑनलाइन करून खिडकी बंद करायचं कमिटीनं ठरवलं होतं, आणि काकांच्या डोळ्यांचंही काही खरं नव्हतं. एकाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. खिडकी बंद व्हायच्या आत त्या बाईंची नोंद स्वतःच्या हातानं करायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. त्यांना वाटत होतं, कधी ना कधी बाई दुसऱ्या कुणाबरोबर आल्या असतील, कुणी त्यांचं तिकीट काढलं असेल, म्हणजे त्या आत कुठंतरी असतीलच.

मग मीही लागले. सगळ्या काळे बायकांची यादी काढली आणि फोन लावायला सुरुवात केली. मी बोलायचे आणि काका दुसऱ्या फोनवरून ऐकायचे. आवाज आठवत नव्हता, हसणं आठवत होतं, म्हणून मधेच ते एखादा विनोद सांगायचे. तिकिटाच्या खिडकीतून फोन आलाय आणि एक म्हातारा विनोद सांगतोय, हे ऐकून बायका घाबरायच्या. दोघींनी फोन आपटला. केडगावच्या एक काळे आजी मात्र इतक्या खूश झाल्या, की त्यांनी उलट काकांना चार विनोद ऐकवले. त्या हसल्याही मोठ्यानं. काका डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली, या नव्हेत.

दसरा झाला. संस्थेचे नवे चिटणीस एका सोमवारी मला म्हणाले, ‘मॅडम, त्या बंद नोंदी कशाला ठेवल्यात? मेलेल्या माणसांनी सॉफ्टवेअर जड झालंय. आज उडवून टाका.’ मी बसले. उडवायच्या आधी त्या बघाव्या लागतात, आणि बघायला शोधाच्या चौकटीखाली एक बारीकशी खूण करावी लागते, ‘बंद नोंदीही दाखवा’. ती केली आणि पडद्यावर भराभर नावं उतरायला लागली, करड्या अक्षरांत. काका मागून चहाचा कप घेऊन चालले होते. ते थांबले.

‘हे लोक कुठं हुते?’

‘बंद आहेत ना. एरवी शोधात येत नाहीत. इथं टिक केली की दिसतात.’

‘पण बंद पेटी तर टाइपच केली न्हाई ना आपण?’

केली होती. कार्डं टाइप करायला ज्या मुली आल्या होत्या, त्यांनी समोर दिसली ती प्रत्येक पेटी टाइप करून टाकली होती, माळ्यावरच्या गठ्ठ्यांत पडलेले जुने अर्जसुद्धा स्कॅन करून जोडले होते. काका तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कप टेबलावर ठेवला.

‘म्हणजे मी इतके दिवस...’

‘तुम्ही चालू नोंदींतच शोधत होतात, काका.’

‘काळे’ मीच टाकलं. बंद नोंदींतले काळे एका पडद्यात मावले. चौथी ओळ होती, श्री. दत्तात्रय काळे व सौ. पुढं स्थिती: मयत. मी नोंद उघडली. जोडलेल्या कागदांत अर्ज होता, पिवळा पडलेला, आणि अर्जाच्या मागच्या पानावर सूचकाची सही. आमच्याकडं तेव्हा कुणाला सभासद व्हायचं असलं की आधीच्या एका सभासदाची सही लागायची. सही जाधव अशी होती, शेजारी कुणीतरी लिहिलं होतं, ‘मेहुणे’, आणि खाली त्यांचा कायमचा पत्ता, श्रीगोंद्याचा.

‘बायकोचा भाऊ असंल,’ काका म्हणाले.

त्या दिवशी मी एकही नोंद उडवली नाही. चिटणीसांना सांगितलं, झालं काम. अजून त्या सगळ्या तिथंच आहेत.

गुरुवारी सुट्टी असते. सकाळच्या एस.टी.नं आम्ही श्रीगोंद्याला गेलो. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सभासदत्वाचा कोरा अर्ज घेतला होता, तो घडी पडू नये म्हणून वाटभर मांडीवर आडवा धरून बसले होते. मी दोनदा म्हटलं, काका, इतकी वर्षं झालीत, बाई असतीलच असं नाही, उगाच आस लावून बसू नका. ते म्हणाले, ‘पेपर मी रोज वाचतो, ताई.’ पण खिडकीबाहेर बघत म्हणाले.

जाधवांचं घर विचारत विचारत सापडलं. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, गावात सगळे ओळखत होते. ओट्यावर एक सत्तरीच्या बाई मेथी निवडत बसल्या होत्या. काका पायरीशीच उभे राहिले.

‘मला ओळखलं का?’

बाईंनी डोळे बारीक करून बघितलं. ‘न्हाई बा.’

‘मी नगरला नाटकाच्या तिकिटाच्या खिडकीत असतो.’

बाईंचे हात थांबले. ‘तुमी व्हय,’ त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. आतून भाऊ आले, त्यांनी सतरंजी टाकली, बसा म्हणाले. काका बसले नाहीत.

‘त्या दिवशी तुमी मला विचारलं हुतं,’ काका म्हणाले. खिडकीतली छापील भाषा त्यांच्या तोंडी आली नाही. ‘मी चुकीचं उत्तर दिलं. तुमी तीस वर्सं समोरून आत जायच्या, आन मी म्हनलो तुमची नोंद न्हाई.’

‘तेवढं सांगायला नगरावरनं आला?’

‘नोंद करायला आलोय.’

बाई हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. भावाला म्हणाल्या, ‘चहा टाकायला सांग.’ मग काकांना, ‘बसा की. उभं राहून कुठं लिवता येतंय का?’

काका बसले. पिशवीतून अर्ज काढला, पेनाचं टोपण काढलं. भाऊ काही बोलणार होते, मी त्यांना हातानं थांबवलं.

‘नाव काय लिहू?’

‘काळे.’

‘ते त्यांचं. तुमचं सांगा.’

‘सुलभा,’ त्या म्हणाल्या. काकांनी पेन टेकवलं तोच त्यांनी हात वर केला. ‘थांबा. ते सासरी ठेवल्यालं. त्यांनीच ठेवलं हुतं, चांगलं हुतं. पण आता हाक मारणारं कोन हाय त्या नावानं?’ त्यांनी मेथीच्या काड्या एकीकडं सारल्या. ‘चंद्रभागा लिवा. चंद्रभागा सखाराम जाधव. चालतंय का तुमच्यात?’

‘चालतंय,’ काका म्हणाले.

त्यांनी लिहिलं. डोळा अधू, त्यामुळं कागदावर पार वाकून, एकेक अक्षर सुटं काढत. मी पडद्यावर त्यांना हजारो नावं वाचताना बघितलं होतं, पण एक नाव लिहायला एवढा वेळ लावताना बघितलं नव्हतं. मी जाधवांच्या अंगणातली शेळी बघत राहिले.

लिहून झाल्यावर काकांनी कागद बाईंच्या हातात दिला. ‘बरोबर हाय का बघा.’

त्यांनी मेथीचे हात पदराला पुसले, कागद लांब धरला आणि ओठ हलवत तिन्ही शब्द वाचले. दोनदा वाचले.

‘बरोबर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘या नावानं मी अजून एकबी नाटक बघितलं न्हाई.’ कागद त्यांनी काकांना परत दिला नाही. मांडीवर ठेवला आणि विचारलं, ‘पुढचं कितीला सुरू हुतंय?’